पॅनेलकर

प्रत्येक सोसायटीत एखादा डॉक्टर असतो, एखादा वकील असतो आणि एक पॅनेलकर असतो. पहिल्या दोघांकडून सल्ला हवा असेल तर निदान विचारावं तरी लागतं.

पॅनेलकर हे आडनाव सोसायटीनं बहाल केलेलं. दारावरच्या पाटीवर शिंदे, कुलकर्णी, कांबळे, काहीही असेल. वय साठीच्या आसपास, नोकरी टेलिफोन खात्यात नाहीतर वीज मंडळात झालेली, खिशात मोजायची टेप आणि मोबाइलमध्ये निरनिराळ्या दुकानांतल्या किमतीच्या चिठ्ठ्यांचे फोटो. हे गृहस्थ डोंबिवलीत मिळतात, चिंचवडला मिळतात, नाशिकच्या इंदिरानगरात एकाच इमारतीत दोन निघाले तर त्यांचं एकमेकांशी बोलणं बंद असतं.

कुणाच्या घरी टीव्हीवर उभी रेघ आली, किंवा आवाज आहे पण चित्र नाही असं झालं, की पॅनेलकर चहाच्या वेळेला हजर होतात. चपला दारात काढून, बंद टीव्हीकडे जरा वेळ बघून ते सांगतात, "पॅनेल गेलं. दुरुस्तीवाला मागेल त्यात थोडे घाला, नवा येईल." हे निदान बहुतेक वेळा खरं निघतं. टीव्हीतला सगळ्यांत महाग भाग पॅनेलच, आणि स्वस्त टीव्हीत तर ते बदलण्यापेक्षा टीव्ही बदललेला परवडतो. एवढं झालं की ते खुर्ची पुढे ओढतात.

"बजेट किती?"

"तीस हजार."

"म्हणजे तेहतीस."

तीन हजारांची ही भर म्हणजे पॅनेलकरांच्या साऱ्या शास्त्राचा पाया. तेहतीसवाल्यात रॅम कमी, म्हणून छत्तीस. छत्तीसवाल्याचा आवाज पत्र्याचा, म्हणून एकोणचाळीस. "आणि आता एकोणचाळीसपर्यंत आलातच, तर त्रेचाळीस इंची घेऊन काय करणार? पंचावन्न बघा की!" घरमालक गप्प होतो. वहिनी आतून विचारतात, "भाऊजी, चहात साखर घालू ना?" त्या प्रश्नातला सूर पॅनेलकरांना आजवर कळलेला नाही.

त्यांचा अधिकार वारशानं आलेला आहे. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं तेव्हा ते लहान होते, पण १५ ऑगस्ट १९८२ ला दूरदर्शन रंगीत झालं आणि पाठोपाठ नोव्हेंबरात दिल्लीच्या एशियाडची मिरवणूक रंगांत दिसली, ती त्यांनी शेजाऱ्यांच्या बैठकीत, दाराला टेकून, उभ्यानं पाहिली. क्राउन, वेस्टन, डायनोरा, हैदराबादच्या सरकारी कारखान्यातला ईसी ही नावं ते आजही दिवंगत नातेवाइकांसारखी घेतात. ओनिडाच्या जाहिरातीतला शिंगवाला त्यांना पाठ आहे. तेव्हाच्या औरंगाबादजवळच्या चितेगावात व्हिडिओकॉनचे टीव्ही बनायचे याचा त्यांना मराठी माणूस म्हणून अभिमान, आणि तीच कंपनी २०१८ मध्ये दिवाळखोरीच्या कज्जात गेली याचं घरचं सुतक. त्या काळी टीव्ही निवडणं सोपं होतं. लाकडी पेटी हवी की नको, शटर हवं की नको आणि वडिलांच्या ओळखीचा दुकानदार कोण, एवढे तीन प्रश्न. पॅनेलकरांना मात्र कठीण झालेला काळच मनापासून आवडतो.

त्यांची अर्धी माहिती पक्की असते. पंचाईत एवढीच की कोणती अर्धी, ते त्यांनाही ठाऊक नसतं.

टेप काढून ते सोफ्यापासून भिंतीपर्यंतचं अंतर मोजतात, तेव्हा त्यांचं मुकाट्यानं ऐकावं. टीव्हीचे इंच तिरके मोजतात. त्रेचाळीस इंची पडद्याची रुंदी भरते साधारण ९५ सेंटिमीटर, पंचावन्नची १२२. पडद्याच्या कर्णाला १.६ नं गुणलं की बसायचं सोयीचं अंतर निघतं. म्हणजे त्रेचाळीसला पावणेसहा फूट, पंचावन्नला सव्वासात. मुंबई-ठाण्याच्या वन बीएचकेत हे गणित त्रेचाळीसवरच थांबतं. मग पॅनेलकर सोफा मागे सरकवता येईल का ते बघतात. मागे भिंत असते. तिच्याकडे ते जरा जास्तच वेळ बघतात.

खरी मजा दुकानात. पुण्याच्या तपकीर गल्लीत असो, मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर असो की मॉलमधल्या गारेगार शोरूममध्ये, पॅनेलकर आत शिरले की विक्रेता पोरगा त्यांना ओळखतो. चेहऱ्यानं नव्हे, जातीनं. "सर, हा बघा, क्यूएलईडी, डॉल्बी, एकशेवीस हर्ट्झ." पॅनेलकर शांतपणे विचारतात, "पॅनेल साठचं आहे ना? एकशेवीस हे सॉफ्टवेअरचं." पोरगा मॅनेजरकडे बघतो. इथे पॅनेलकर शंभर टक्के बरोबर असतात. साठ हर्ट्झच्या पॅनेलवर मोठा आकडा छापायला कंपन्यांना निरनिराळी गोंडस नावं सुचलेली आहेत.

मग क्यूएलईडीवर प्रवचन. हा एलसीडीच, मागे निळा दिवा आणि पुढे क्वांटम डॉटचा थर. ओएलईडीत प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो, म्हणून तो आपल्या बजेटच्या बाहेर. "या क्वांटम डॉटला २०२३ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालंय," असं ते म्हणतात तेव्हा शेजारी वॉशिंग मशीन बघायला आलेलं जोडपंही थांबून ऐकतं. विधान खरं आहे. मात्र नोबेल शास्त्रज्ञांना मिळालं, अठ्ठावीस हजारांच्या टीव्हीला नाही, हा तपशील गर्दीत राहून जातो.

"चायनाचा नको हं," घरमालकाची एकमेव अट. यावर पॅनेलकर असे काही हसतात, जणू इतकी वर्षं याच वाक्याची वाट बघत होते. सॅमसंगनं एलसीडी पॅनेल बनवणं २०२२ मध्येच सोडलं. बीओई, सीएसओटी, एचकेसी ही नावं आपल्याकडच्या कुठल्याही खोक्यावर मोठ्या अक्षरात दिसत नाहीत, पण बहुतेक टीव्हींच्या पोटात या चिनी कारखान्यांचंच पॅनेल असतं. नाव जपानी, कोरियन किंवा आपलं अगदी देशी, कोणतंही असो. एकाच मॉडेलच्या दोन टीव्हींत दोन वेगळ्या कारखान्यांची पॅनेलंही निघू शकतात. मग पॅनेलचा प्रकार: समोरून बघायचं असेल तर व्हीए घ्यावं, त्याचा काळा रंग जास्त काळा. घरात माणसं कोपऱ्याकोपऱ्यांत बसत असतील तर आयपीएस, कारण ते बाजूनं बघितलं तरी फिकं पडत नाही. एवढा एक सल्ला सोन्याचा आहे. तो देऊन ते थांबले असते तर हा लेखच झाला नसता.

पण ते सेट-टॉप बॉक्स मागतात.

शोरूममध्ये सगळ्या टीव्हींवर तेच चालू असतं: मोर, मधमाशी, नॉर्वेचा समुद्र, संत्र्यावरचा पाण्याचा थेंब. टीव्ही भडक दुकानी मोडवर, चित्र खास त्यासाठीच बनवलेलं. पॅनेलकरांची मागणी साधी: "साधं मराठी चॅनल लावा. एसडी." पोरगा म्हणतो कनेक्शन नाही. पॅनेलकर म्हणतात, मग टीव्ही कसला विकताय. वाद मॅनेजरपर्यंत जातो. हट्ट विचित्र वाटतो, पण त्यामागचं गणित बघा. फोर-के पडद्यावर ३८४० गुणिले २१६०, म्हणजे सुमारे ८३ लाख ठिपके. साध्या एसडी वाहिनीचं चित्र ७२० गुणिले ५७६, सव्वाचार लाखांच्याही आत. म्हणजे सासूबाई संध्याकाळी सातची मालिका लावतात, तेव्हा दर वीस ठिपक्यांतले एकोणीस टीव्ही स्वतःच्या अंदाजानं भरत असतो. नायिकेच्या नाकातली नथ जिथे धूसर होते, तिथे टीव्हीची खरी परीक्षा. मोराच्या पिसाऱ्यावर सगळेच पहिल्या वर्गात पास होतात.

हिशोबाच्या टेबलावर पॅनेलकरांना आणखी एक उमाळा येतो. बिनव्याजी हप्ता म्हटलं की ते कॅल्क्युलेटर उघडतात. बँक व्याज लावतेच, दुकानदार तेवढी सूट आधी देतो, म्हणून बेरीज तीस हजारांची तीसच दिसते. वर्षाला १५ टक्क्यांच्या दरानं सहा हप्त्यांत व्याज होतं साधारण १,२७० रुपये, आणि त्यावरचा १८ टक्के जीएसटी, २२९ रुपये, मात्र आपल्याच खिशातून जातो. प्रोसेसिंग फी वेगळी. हे ऐकून घरमालक रोखीनं घ्यायचं ठरवतो. स्टॅबिलायझर गळ्यात मारायला आलेल्या पोराला पॅनेलकर टीव्हीची पाठ वळवून दाखवतात. तिथे १०० ते २४० व्होल्ट असं छापलेलं असतं. पोरगा निमूट निघून जातो. वाढीव वॉरंटीवर मात्र त्यांचं मत दर वर्षी बदलतं.

पॅनेलकरांच्या आयुष्यातला सुवर्णकाळ म्हणजे २०२५ चा भाद्रपद. १५ ऑगस्टला लाल किल्ल्यावरून जीएसटी कमी होणार असं जाहीर झालं, आणि त्या दिवसापासून त्यांनी जिना, लिफ्ट, आरती, महाप्रसाद, सगळीकडे एकच शब्द सांगितला: "थांबा." गणपतीच्या ऑफर आल्या आणि गेल्या. शेवटी २२ सप्टेंबरला, ऐन घटस्थापनेला, बत्तीस इंचांवरच्या टीव्हींचा कर २८ वरून १८ टक्क्यांवर आला. बत्तीस हजारांचा टीव्ही, कंपनीनं सगळा फायदा खाली दिला असेल तर, साडेएकोणतीसला. तीस हजारांच्या बजेटमध्ये पंचावन्नची नसली तरी त्रेचाळीसची सोय झाली. त्या नवरात्रात सोसायटीत त्यांना दोन ठिकाणी फराळाचं बोलावणं होतं. ज्यांनी बत्तीस इंचीच घेतला त्यांना काहीच मिळालं नाही, कारण त्यावर १ जानेवारी २०१९ पासूनच १८ टक्के होते. ते लोक पॅनेलकरांना अजून टाळतात.

टीव्ही घरी येतो, इन्स्टॉलेशनवाला भिंतीला भोकं पाडून जातो, आणि संध्याकाळी पॅनेलकर सेटिंगला येतात. भडक मोड बंद. चित्रपट मोड चालू. सिनेमाची हालचाल मालिकेसारखी गुळगुळीत करणारं ते मोशनचं काहीतरी बंद. अर्ध्या तासानं पडद्यावर खरे रंग येतात: उबदार, संयत, दिग्दर्शकाला हवे होते तसे. "आता बघा," ते म्हणतात. आजी चष्मा पुसून बघतात. "अगं बाई, सगळ्यांना कावीळ झाली का?" पॅनेलकर लिफ्टपर्यंत पोचायच्या आत नातू रिमोट उचलून पुन्हा भडक मोड लावतो.

तरीही पॅनेलकरांना बरोबर न्यावं. विक्रेत्यापेक्षा ते तुमच्या बाजूचे असतात आणि चहावर भागतं. निघण्यापूर्वी टीव्ही ठेवायच्या टेबलाची रुंदी सेंटिमीटरमध्ये लिहून घ्या, कारण हल्ली टीव्हीचे पाय दोन टोकांना असतात आणि ही गोष्ट घरी खोकं उघडल्यावर कळते. तुमच्या गावात त्या कंपनीचं सर्व्हिस सेंटर आहे का, तेही आधी फोन करून विचारा. आणि बजेट तीस हजार असेल, तर पॅनेलकरांना सत्तावीस सांगा.