सेडान कशी घ्यावी : शास्त्रार्थ आणि कुलाचार

मध्यम आकाराची सेडान घेणारे कुटुंब हल्ली अल्पसंख्य झाले आहे. जो तो उंच गाडीत बसून खाली बघतो आहे. अशा काळात साडेचार मीटर लांबीची, जमिनीशी नम्र असलेली, मागे स्वतंत्र डिकी बाळगणारी गाडी घेण्याची बुद्धी एखाद्याला होते, तेव्हा त्याचा सोसायटीने शाल-श्रीफळ देऊन गौरव करायला हवा. तसे होत नाही. पेढा तोंडात टाकता टाकता शेजारी म्हणतात, "एवढ्यात एसयूव्ही आली असती की!" अशा उपेक्षितांसाठी पुढील विधी दिला आहे. तो क्रमाने करावा. पायरी गाळल्यास होणाऱ्या परिणामांना प्रस्तुत लेखक जबाबदार नाही.

पायरी पहिली : समिती नेमणे

सेडान एकट्याने घेता येत नाही, घेतल्यास ती घरात पचत नाही. म्हणून आधी समिती नेमावी. तिचे पदसिद्ध सदस्य असे :

पैसे भरणारी व्यक्ती. हिला बोलण्याचा अधिकार आहे, मताचा नाही.

गाडीतले कळणारे काका. यांच्याकडे कधीकाळी कुर्ल्यात बनलेली प्रीमियर पद्मिनी होती आणि त्यानंतर निघालेल्या सर्व गाड्यांचा पत्रा पातळ आहे, असे त्यांचे मत आहे. ते शोरूममध्ये शिरताच दारावर बोटाची पेरे वाजवून आवाज ऐकतात. त्यांना वाजवू द्यावे. स्लाव्हिया, व्हर्टस आणि नवी व्हर्ना या तिन्ही गाड्यांना ग्लोबल एनकॅपच्या चाचणीत पाच तारे मिळाले ते २०२३ साली, गाड्या आपटून. काकांची पेरे त्या चाचणीत धरलेली नाहीत, हे त्यांना घरी आल्यावर सांगावे.

मोबाइलवर व्हिडिओ पाहून तज्ज्ञ झालेला भाचा. हा टॉर्क आणि सनरूफ यांवर बोलतो. सनरूफ उघडून उभे राहायचे नसते आणि उन्हाळ्यात ते उघडायचेही नसते, एवढे त्याला सांगितले की तो टॉर्ककडे वळतो.

शेवटची सदस्य आजी. समितीतले हे एकमेव मत मोजायचे आहे. सेडानची सीट खाली असते. बसताना माणूस आत पडतो आणि उतरताना त्याला स्वतःला वर काढावे लागते. आजींना मागच्या सीटवर बसवावे आणि कोणाचाही हात न धरता उतरायला सांगावे. उतरल्या तर पुढची पायरी चढावी. नाही उतरल्या तर लेख इथेच मिटून उंच गाडीच्या दुकानात जावे. त्यात कमीपणा नाही.

पायरी दुसरी : टेप घेऊन खाली उतरणे

शोरूमला जाण्याआधी आपल्या पार्किंगमध्ये जावे. मुंबईच्या विकास नियमांत छोट्या गाडीच्या पार्किंगचे माप ४.५ मीटर बाय २.३ मीटर असे धरलेले आहे. व्हर्नाची लांबी ४,५३५ मिलिमीटर. म्हणजे गाडी खांबाला टेकवून लावली तरी ३५ मिलिमीटर बाहेर राहणार. या दीड इंचावरून सोसायटीत विशेष सर्वसाधारण सभा होऊ शकते, याची नोंद घ्यावी. रुंदी १,७६५ मिलिमीटर. दोन्ही बाजूंना मिळून अर्ध्या मीटरच्या आसपास उरतो. तेवढ्यात दार उघडून बाहेर येणे हा ज्याचा त्याचा योगाभ्यास.

गंमत अशी, की जिच्या धिप्पाडपणाने शेजारी दिपून गेलेत ती क्रेटा ४.३३ मीटरचीच आहे, सेडानहून वीतभर आखूड. आकार हा पुष्कळसा उंचीचा भास असतो. सेडानचा आकार मात्र खरा आहे, म्हणून तर तो पार्किंगमध्ये मावत नाही.

आता गतिरोधक. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकाप्रमाणे गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असावा. होंडा सिटीचे पोट जमिनीपासून १६५ मिलिमीटर, स्लाव्हियाचे १७९ मिलिमीटर. कागदावर दोन्ही गाड्या सुखाने पार. पण आपल्या सोसायटीचा गतिरोधक मानक वाचून घातलेला नसून, एका मुलाला स्कूटरने निसटता धक्का दिल्यानंतर रागाच्या भरात घातलेला असतो. तो अरुंद आणि उंच असतो. पट्टी लावून मोजावा. आणि लक्षात ठेवावे, की कंपनीने सांगितलेली उंची बहुधा रिकाम्या गाडीची असते. पाच माणसे आणि डिकीत देवगडच्या चार पेट्या भरल्यावर गाडी आणखी खाली बसते.

पायरी तिसरी : अर्ध्या मीटरची किंमत समजून घेणे

हा या शास्त्राचा गाभा आहे. २००६ च्या अर्थसंकल्पात चार मीटरच्या आतल्या, छोट्या इंजिनच्या गाड्यांना अबकारी करात सवलत मिळाली. तेव्हापासून भारतात सेडानच्या डिक्या छाटल्या जाऊ लागल्या. २००८ ची इंडिगो सीएस ही त्यातली पहिली; २०१२ मध्ये डिझायरनेही शेपूट आखडले. मापात बसण्यासाठी पाठ कापून घेतलेल्या त्या गाड्या पाहून काकांना आजही वाईट वाटते.

२२ सप्टेंबर २०२५ पासून हा भेद आणखी ठसठशीत झाला. चार मीटरच्या आतली, १२०० सीसीपर्यंतची पेट्रोल गाडी १८ टक्के जीएसटीत. त्यावरची ४० टक्के. त्यापूर्वी मध्यम सेडानला उपकरासह ४५ टक्के पडत, तेव्हा ४० ही सवलतच मानून आनंदी व्हावे. शिवाय महाराष्ट्रात १० ते २० लाखांच्या पेट्रोल गाडीला १२ टक्के एकरकमी रोड टॅक्स.

एवढा कर भरून मिळते काय? डिकी. व्हर्नाची ५२८ लिटर, स्लाव्हिया आणि व्हर्टसची ५२१, सिटीची ५०६. लग्नाला निघालेले चार जणांचे कुटुंब, त्यांच्या बॅगा, आहेराची भांडी आणि ऐन वेळी आत्याने 'तुमच्या गाडीत जागा आहे ना' म्हणत दिलेले गाठोडे, एवढे सगळे झाकण लावून नेता येते. ज्यांच्या आयुष्यात अशी आत्या नाही, त्यांनी अर्ध्या मीटरचा कर का भरावा, याचा शांतपणे विचार करावा. आणि ज्यांना सेडान घेऊन बाहेरून सीएनजी बसवायचा आहे, त्यांनी तर उभ्या उभ्या विचार करावा : कर डिकीचा आणि डिकीत टाकी.

पायरी चौथी : नवी गाडी

शोरूममध्ये चहा मिळतो. तो प्यावा, पुढे कुठेतरी तो बिलात आहेच. किंमत विचारताना एक्स-शोरूम ऐकून हुरळू नये, ऑन-रोडचा कागद मागावा आणि त्यातली प्रत्येक ओळ बोट ठेवून वाचावी. 'हँडलिंग' या ओळीवर बोट थांबले पाहिजे. विमा शोरूममधूनच घ्यावा लागतो, हे वाक्य अदबीने ऐकावे आणि बाहेरून दर काढून आणावेत. मडफ्लॅप, मॅट, कोटिंग आणि सुगंधी डबी यांचे 'पॅकेज' सक्तीचे नसते. मॅट मात्र घ्यावेत, नाहीतर आत्या चपलांसकट येते.

डिसेंबरमध्ये भरघोस सूट असते. कारण १ जानेवारीला ती गाडी एका रात्रीत एक वर्षाने म्हातारी होते. गाडी दहा वर्षे वापरणार असाल तर डिसेंबर शुभ. चौथ्या वर्षी विकणार असाल तर सूट आणि पुढचा तोटा मांडून पाहावा. गाडीवरच्या पट्टीवर उत्पादनाचा महिना असतो. दसऱ्याच्या मुहूर्तावर हार घालताना तो मार्चचा निघाला, तर सीमोल्लंघन गाडीने आधीच केलेले आहे असे समजावे.

टेस्ट ड्राइव्हला सेल्समन आपल्याला गुळगुळीत रस्त्यावर नेतो. आपण त्याला खडबडीत रस्त्यावर न्यावे. मागे तिघांना बसवावे, एसी लावावा आणि तळघराच्या पार्किंगचा चढ चढून पाहावा. मागे मधोमध बसलेला माणूस काय म्हणतो ते लिहून घ्यावे. त्याच्या पायांमध्ये जो उंचवटा येतो त्याचा उल्लेख जाहिरातीत नसतो.

डिझेलचा आग्रह असलेल्यांसाठी : या वर्गातल्या नव्या गाड्या आता पेट्रोलच्या, फार तर हायब्रिड. डिझेल हवी तर ती जुनीच मिळेल.

पायरी पाचवी : जुनी गाडी

जुन्या गाडीच्या जगात सर्व गाड्या डॉक्टरांच्या असतात आणि डॉक्टर फक्त रविवारी बाहेर पडतात. रनिंग नेहमी तीस-चाळीस हजारांत असते. हे ऐकून घ्यावे आणि खाली वाकावे.

टायरवर चार आकडे असतात. २३२१ म्हणजे २०२१ सालचा तेविसावा आठवडा. गाडी २०१९ ची, मीटर पंचवीस हजार आणि चारही टायर २०२१ चे असतील, तर डॉक्टरांचे रविवार फार लांबचे होते. ब्रेकच्या पेडलचे रबर गुळगुळीत झाले आहे का, स्टिअरिंग चकाकते का, हे पाहावे. मीटर मागे फिरवता येतो, रबर मागे फिरवता येत नाही. सर्व काचांवरचे साल जुळते का, बोनेटच्या बोल्टवरचा रंग उडाला आहे का, हे पाहिले की गाडी ठोकलेली आहे की नाही ते कळते. विचारल्यास उत्तर 'किरकोळ' असे येईल.

पुराची गाडी ओळखणे ही स्वतंत्र विद्या आहे. २०१९ च्या ऑगस्टात कोल्हापूर-सांगली आणि २०२१ च्या जुलैत चिपळूण-महाड पाण्याखाली गेले. अशा गाड्या धुऊन-पुसून दूरच्या बाजारात येतात. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून त्यावर चिखलाची रेघ दिसते का पाहावे. कार्पेट उचलून वास घ्यावा. गाडीत तीन-तीन सुगंधी डब्या टांगलेल्या असतील तर वास अधिक काळजीने घ्यावा.

दिल्लीची दहा वर्षांजवळ आलेली डिझेल सेडान पाण्याच्या भावात मिळते म्हणून भाचा उड्या मारेल. तिथल्या नियमांमुळेच ती स्वस्त आहे. इकडे आणायची तर तिकडच्या आरटीओची एनओसी, इकडची नोंदणी आणि इकडचा रोड टॅक्स, हे सगळे आपल्या खिशातून. भाच्याला तेवढा हिशेब करायला बसवावे, उड्या थांबतात.

शेवटी आपला मेस्त्री सोबत न्यावा. विक्रेत्याने सुचवलेला मेस्त्री हा विक्रेत्याचा मेस्त्री असतो.

पायरी सहावी : कागद

गाडीचा रंग पाहून टोकन देऊ नये, आरसी पाहून द्यावे. त्यावर बँकेचा बोजा असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ हवा. नाव बदलायला फॉर्म २९ आणि ३०. न भरलेली ई-चलाने आधी विक्रेत्याकडून भरून घ्यावीत. लाल सिग्नल डॉक्टरांनी तोडलेला असतो आणि दंड गाडीला चिकटलेला असतो. विमा १४ दिवसांत आपल्या नावावर करावा. नो-क्लेम बोनस हा माणसाचा असतो, गाडीचा नसतो. तो विकणाऱ्याबरोबर निघून जातो. त्याला थांबवण्याचा प्रयत्न करू नये. नोंदणीकृत डीलरकडून घेतल्यास १८ टक्के जीएसटी त्याच्या नफ्यावर लागतो, पूर्ण किमतीवर नाही. कोणी पूर्ण किमतीवर मागू लागला तर हे वाक्य त्याला वाचून दाखवावे.

वर्ज्य गोष्टी

पांढरा रंग 'रीसेलला बरा' म्हणून घेणे आणि मग बारा वर्षे विकायचेच नाही असे ठरवणे. गाडीपेक्षा नंबरवर जास्त खर्च करणे. व्हॉट्सॅप ग्रुपवर 'सिटी की व्हर्ना' असा प्रश्न टाकणे; उत्तरे एसयूव्हीची येतात.

निकाल

एवढे सगळे करून नवी घ्यावी की जुनी? समिती निर्णय देणार नाही, म्हणून आम्ही देतो. विम्याच्या कोष्टकात गाडी तीन वर्षे ओलांडून चौथ्यात गेली की तिची किंमत ४० टक्क्यांनी उतरलेली धरतात. सेडानची फॅशन गेल्यामुळे बाजारातही तिला एसयूव्हीइतकी ओढ नाही. म्हणजे अर्ध्या मीटरचा तो सगळा कर पहिल्या मालकाने भरून ठेवला आहे, आणि शेजाऱ्यांच्या नजरेतली उतरलेली किंमत आपल्याला वजावटीत मिळते आहे. सिआझसारखी गाडी २०२५ मध्ये बंद झाली, तरी मारुतीचे गॅरेज तालुक्याच्या गावीही सापडते.

तेव्हा वर्षाला दहा-बारा हजार किलोमीटर चालवणाऱ्या कुटुंबाने तीन ते चार वर्षांची, एकाच मालकाची, सर्व्हिसच्या नोंदी असलेली पेट्रोल सेडान घ्यावी. उरलेल्या पैशांतून दर वर्षी वेळच्या वेळी सर्व्हिसिंग करावे. दहा-बारा वर्षे गाडी बदलायचीच नाही असा निश्चय असेल आणि हप्ता पगाराला टोचत नसेल, तरच नवी घ्यावी. दोन्ही बाबतीत टोकन देण्यापूर्वी पार्किंग पुन्हा एकदा मोजावे, आणि आजींना पुन्हा एकदा उतरवून पाहावे.