हत्ती आणि पुरीभाजी

रविवारी आम्ही अकरा जण राणीबागेत गेलो. पेंग्विनसमोर दोन मिनिटं उभे होतो; त्यातली दीड मिनिटं सेल्फीत गेली. पेंग्विन आमच्याकडे पाहत होते, आम्ही मोबाईलकडे. शेजारीच १८७२ साली खुलं झालेलं भाऊ दाजी लाड संग्रहालय. "आत एसी आहे का?" इतकीच मेहुण्यांची ऐतिहासिक जिज्ञासा. बाहेरच्या दगडी हत्तीपाशी मात्र सगळे रेंगाळले. मी हुरळलो. याच हत्तीवरून पोर्तुगीजांनी घारापुरीला 'एलिफंटा' म्हटलं, असं सांगू लागलो, तर काकू म्हणाल्या, "सावली बरी आहे," आणि पुरीभाजीचा डबा उघडला. लगेच रखवालदाराची शिट्टी वाजली. घरी मुलांना विचारलं, काय आवडलं? एकमुखानं उत्तर आलं, "फाटकाबाहेरचा गोळा!"