पाचजणांचा लोकसहभाग

कोकणात किनारा सांभाळायला कोळ्यांना सोबत घ्या म्हणतात. आमच्या वाट्याला काठच आले, लातूरला मांजरेचा, नांदेडला गोदेचा. कायदाही आहे: २००५ पासून सिंचनाचं पाणी शेतकऱ्यांच्या पाणी वापर संस्थांनी सांभाळायचं. आणि मार्च २०१६ च्या दुष्काळात लातुरात पाण्याच्या टाक्यांपाशी जमावबंदी, पाचांहून अधिक जमायचं नाही. सहभागाची कमाल मर्यादा बहुधा हीच. साहेब म्हणतील, लोक भांडतात हो, टँकरवर चढतात. चढतात ना, पण धरण आटल्यावर! खोऱ्यात साखर कारखान्यांना परवाने वाटताना घागरवाल्यांना कुणी विचारलं होतं? एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेच्या दहा वाघिणी भरून पाणी आलं. त्याचं श्रेय घेणारे मात्र पाचांहून बरेच होते.