बोट आपलं, बटण कुणाचं?

मराठी माणूस सहजासहजी फसत नाही, असा निदान मराठी माणसाचा तरी समज आहे. ओटीपी आम्ही सख्ख्या भावाला सांगत नाही. 'आज रात्री तुमची वीज कापणार' म्हणून फोन आला, की त्या बिचाऱ्या भामट्यालाच आम्ही लोडशेडिंगचा इतिहास ऐकवतो. पत्त्यातलं स्पेलिंग चष्मा पुसून वाचतो, कुलपाचं चित्र आहे ना बघतो. आणि क्लिकजॅकिंगपुढे हे सगळं शहाणपण वाया जातं. कारण त्यात साइट खरी, लॉगिन खरं आणि बोट तर आपलंच.

माझा भाचा वेबसाइटींची सुरक्षा तपासतो. घरच्यांच्या मते तो 'कॉम्प्युटरचं काहीतरी' करतो, म्हणून सणावाराला फराळाच्या ताटासोबत बंद पडलेला प्रिंटरही त्याच्यापुढे येतो. गेल्या दिवाळीत त्याने लॅपटॉपवर एक पान उघडलं. मांजराचं पिल्लू आणि खाली गुबगुबीत बटण : 'पुढचा फोटो'.

"मामा, दाबू नका. नुसतं बघा," म्हणत त्याने कोडमध्ये ओपॅसिटी शून्य होती ती निम्म्यावर आणली. पिल्लाच्या मिशांवर हळूहळू दुसरंच पान उमटलं. त्याने सरावासाठी बनवलेल्या साइटचं सेटिंग्जचं पान. 'पुढचा फोटो'च्या अगदी डोक्यावर, कडेला कड जुळवून, 'खातं कायमचं बंद करा'. म्हणजे ते पान आयफ्रेममध्ये, पानात पान दाखवणाऱ्या चौकटीत, घालून आधीपासून वरच पसरलेलं होतं, फक्त पूर्ण पारदर्शक. आपण दाबतो पिल्लाला, क्लिक लागतो वरच्या बटणाला. दुसऱ्या टॅबमध्ये आपण लॉगिन असतोच, त्यामुळे साइटला वाटतं, मालकांचा हुकूम झाला.

जुन्या सावकाराने वर गणपतीच्या वर्गणीची पावती, मध्ये कार्बन आणि खाली गहाणखत ठेवून सही घ्यावी, तसला हा कारभार. सही अस्सल, हस्ताक्षरतज्ज्ञ आणून उपयोग नाही.

"पण त्यात त्या मुक्या जनावराला कशाला ओढलं?" ताई स्वयंपाकघरातून म्हणाली. तिला गाभा समजला होता असं माझं मत आहे.

या प्रकाराचं बारसं 2008 साली जेरेमाया ग्रॉसमन आणि रॉबर्ट हॅन्सन या सुरक्षा-संशोधकांनी केलं. न्यूयॉर्कच्या परिषदेत ते यावर बोलणार होते, पण अडोबीच्या फ्लॅशलाही धोका दिसल्याने त्या कंपनीच्या विनंतीवरून त्यांनी भाषण मागे घेतलं. गुपित अर्थातच टिकलं नाही. लवकरच एकाने नमुन्यादाखल बटणं टिपायचा खेळ केला, त्यात खेळता खेळता खेळणाराच स्वतःचा वेबकॅम चालू करून द्यायचा.

माझ्या मते मात्र खरा कळस फेब्रुवारी 2009 मध्ये ट्विटरवर झाला. 'डोन्ट क्लिक' असं ट्वीट, सोबत एक लिंक. लिंकवर एकच बटण, त्यावरही 'डोन्ट क्लिक'. दाबलं की तेच ट्वीट आपल्या नावाने जगजाहीर. ते बघता बघता पसरलं. कसलं आमिष नाही, लॉटरी नाही, मांजरसुद्धा नाही. नुसता मज्जाव केला, एवढंच!

साइटवाल्यांनी आधी एक तोडगा काढला होता : आपलं पान दुसऱ्याच्या चौकटीत दिसलं की चौकट फोडून बाहेर पडायचं, अशी छोटी स्क्रिप्ट. 2010 मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी मोठमोठ्या साइटींवरच्या या स्क्रिप्टा तपासल्या, तर एकूण एक चकवता आल्या. त्यातली एक युक्ती मला फार आवडली. काही ब्राउझरांमध्ये घातक स्क्रिप्ट अडवणारा फिल्टर असे. हल्लेखोर त्याला अशी हूल देई, की तो साइटच्याच राखणदार स्क्रिप्टला चोर समजून बंद पाडी. पहारेकऱ्याने पहारेकऱ्याला कोंडलं आणि हल्लेखोराला वाट मोकळी.

खरं औषध तोवर निघालं होतं. इंटरनेट एक्सप्लोरर 8 ने एक्स-फ्रेम-ऑप्शन्स हा हेडर आणला. मला चौकटीत बसवू नका, असं साइटने ब्राउझरला सांगायचं. आता त्याच कामाला सीएसपी (कंटेंट सिक्युरिटी पॉलिसी) या हेडरमधलं फ्रेम-अॅन्सेस्टर्स वापरतात. शिवाय 2020 पासून क्रोमने परक्या साइटच्या चौकटीत आपली लॉगिनची कुकी सहसा पाठवायचीच नाही, असा पवित्रा घेतला. आता निवांत व्हावं, तर 2024 च्या अखेरीस पाउलोस यिबेलो या सुरक्षा-संशोधकाने डबल-क्लिकजॅकिंग दाखवलं. त्यात चौकटच नाही. डबलक्लिक करायला सांगतात, पहिल्या क्लिकला वरची खिडकी मिटते आणि दुसरा क्लिक मागच्या खऱ्या बटणावर पडतो. त्यावर उपाय म्हणून साइटने नाजूक बटणं माउस खरोखर हलेपर्यंत निकामी ठेवायची.

आता तुम्ही विचाराल, आम्ही काय करायचं? काम झालं की लॉगआउट करा, ब्राउझर अपडेट ठेवा. बस्स. इथे गिऱ्हाइकाला सावधगिरीचे डोस पाजण्यात अर्थ नाही, न दिसणारं बटण त्याने बघायचं तरी कसं? जबाबदारी साइटवाल्याची, आणि हेडरचं काम म्हणाल तर एका ओळीचं. तेव्हा तुमच्या पतसंस्थेची, क्लासची, हाउसिंग सोसायटीची लॉगिनवाली साइट असेल, तर ती बनवणाऱ्याला आजच फोन करून फ्रेम-अॅन्सेस्टर्स लावलंय का विचारा. तो म्हणेल, "बघतो." उद्या पुन्हा फोन करा.