दाराखालचा आरसा

"पाच दारं? माणसं चार आणि दारं पाच?" जास्वंदीच्या फांदीआडून काकूंचा आवाज आला.

आमच्या डोंबिवलीच्या मिलापनगरात दोन बंगल्यांच्या मध्ये कमरेएवढी भिंत. सकाळी काका पेपर उघडून बसले की काकू देवाची फुलं काढायला भिंतीशी येतात. परडी अर्धी भरते, बातम्या मात्र पुऱ्या होतात.

"दोन बेडरूम, दोन बाथरूम आणि एक कोठीची खोली," मी हिशेब दिला. "आज मिस्त्री माप घ्यायला येतोय."

"चौकटीला ओळंबा लावून बघायला सांग आधी. तुम्ही इथे यायच्या आधीची गोष्ट, २६ मे २०१६. एमआयडीसीत स्फोट झाला, आमच्या हॉलभर काचा. मधल्या खोलीची चौकट तेव्हा जी सरकली ती सरकली. मग २३ मे २०२४ ला पुन्हा. दोन्ही वेळा मे महिना, दोन्ही वेळा गुरुवार. माणसं गेली गं त्यात, मी दाराचं काय रडू? पण नवा पल्ला मिस्त्रीने सरळ कापून आणला आणि आमची चौकट तिरकी. वरून बसतो, खालून बोटभर उघडा."

"मग माप कसं घ्यायचं?"

"कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत दोन्ही कर्ण मोजायचे. सारखे आले तर चौकट काटकोनात. आणि रुंदी तीन ठिकाणी, वर, मध्ये, खाली. सगळ्यात कमी येईल ती खरी."

मी मोबाइलमध्ये टिपून घेतलं. काकूंना ते फार आवडतं.

"मी सागवानी पॅनेलची म्हणत होते," मी खडा टाकला. "२०२३ मध्ये अयोध्येच्या मंदिराच्या दारांसाठी सागवान आपल्या बल्लारपूरहूनच गेलं."

"रामाला शोभतं ते. तुला कोठीच्या खोलीला कशाला? तुझ्या चौकटी जुन्या सागाच्या आहेत, वाळवी नसेल तर त्यांना हात लावू नकोस. पल्ले फ्लशचे घे. पण भरीव बघून घे, नाहीतर आमच्या नणंदेसारखं व्हायचं."

नणंद ठाण्याला, घोडबंदर रोडला, बाविसाव्या मजल्यावर. हे मला पाठ आहे, पण थांबवलं असतं तर पुढचं कळलं नसतं.

"लॉबीला संगमरवर, आणि आतली दारं वाजवली की पखवाज! आत भुशाची फळी, तिला आरपार नळ्यांसारखी भोकं. टॉवेलला हूक ठोकायला गेली तर स्क्रू आत गडप. सुनेच्या फोनवरचा शब्दन् शब्द हॉलमध्ये ऐकू येतो." क्षणभर थांबून म्हणाल्या, "म्हणजे तसा नणंदेला त्याचा उपयोगच आहे म्हणा."

"भरीव कसं ओळखायचं?"

"बोटाच्या पेराने वाजवायचं, मध्येही आणि कडेलाही. आवाज सगळीकडे बद्द आला पाहिजे. आयएस २२०२ चा शिक्का बघायचा. बेडरूमला जाडी ३५ मिलिमीटर. तसा सात बाय तीनचा पल्ला तीसेक किलोला जातो, त्याला दोन बिजागऱ्यांवर टांगू नये. तीन हव्यातच. कडेला चारही बाजूंनी खऱ्या लाकडाची पट्टी हवी. पावसाळ्यात पल्ला फुगला की रंधा त्या पट्टीवरच चालतो. तोही जुलैत घाईने मारायचा नाही. मारलास की उन्हाळ्यात फट पडलीच म्हणून समज."

मग मागच्या गल्लीतल्या वहिनींचा नंबर लागला. पैसे वाचवायला त्यांनी दारांना एकाच बाजूने सनमायका लावला, दुसरीकडे नुसता रंग. वर्षभरात पल्ले पापडासारखे वळले. "दोन्ही बाजूंना सारखं पांघरूण घातलं नाही की लाकूड रुसतं," काकूंचा निर्वाळा.

"बाथरूमला फायबरचं घेतेय," मी म्हटलं. "चौकट ग्रॅनाइटची आहेच."

काकूंनी मागे वळून पाहिलं. काका अजून पेपरातच होते. आवाज खाली आला.

"फायबरचं घे, पीव्हीसीचं घे, पण बाहेर उघडणारं घे. यांना मागच्या वर्षी आंघोळीला गेल्यावर चक्कर आली. पडले ते दारातच. दार आत उघडणारं, आतून कडी. कडी ढकलून निघाली, पण दार उघडेना, कारण मागे हेच पडलेले. शेवटी प्लंबरच्या पोराने व्हेंटिलेटरमधून हात घालून... जाऊ दे. तुझ्या सासूबाई पंच्याहत्तरीच्या ना? बाहेर उघडणारं घे, आणि बाहेरून नाण्याने फिरवता येईल अशी कडी लाव."

दोघी थोडा वेळ गप्प. मग काकूंनीच एक पांढरी जास्वंद तोडली आणि गाडी रुळावर आणली.

"तुम्ही टाइलवर टाइल बसवलीत ना? मग जमीन अर्धा इंच तरी वर आली असणार. आता दारं खालून कापणार. वरून पॉलिश आरशासारखं आणि खालची कड कोरी. रोज ओला पोछा फिरतो, ती कड पाणी पिते, आणि दोन पावसाळ्यांत दाराचे पाय फुगतात. लोक लाकडाला नावं ठेवतात. पल्ला उभा केला की ती कड कुणाला दिसत नाही, म्हणून रंगारीही तिथे ब्रश नेत नाही." कमरेची पिशवी उघडून त्यांनी पावडरच्या डबीएवढा आरसा काढला. "हा ने. दाराखाली सरकव, टॉर्च मार. दुकानात भाव करण्याआधी."

त्या रविवारी उल्हासनगरच्या फर्निचर बाजारात मी पर्स बाजूला ठेवून फरशीवर बसले आणि उभ्या नमुन्याखाली आरसा सरकवला. "मॅडम, काही पडलं का?" दुकानदार धावत आला. आरशात खालची कड दिसली, कोरी, आणि तिच्यावर पेन्सिलीने लिहिलेलं माप. मी ते त्याला वाचून दाखवलं. पाचही पल्ल्यांना खालून दोन हात रंग, तोही माझ्यासमोर, असं ठरलं आणि मगच आगाऊ रक्कम दिली.

दुसऱ्या दिवशी भिंतीवरून आरसा परत करायला गेले, तर काकूंनी घेतलाच नाही.

"तसाच घेऊन आत ये. आमच्या दारांखाली बघ जरा. माझे गुडघे वाकत नाहीत."

मी बघितलं. सहा दारं, सहाही खालून कोरी.

काकूंनी काकांच्या पेपराकडे एक नजर टाकली आणि म्हणाल्या, "हे भिंतीपलीकडे नको हं जायला."