जस्ट अ सजेशन

(रंगमंचावर प्लास्टिकची एक खुर्ची. वरून लोंबणारी लोकलची कडी. निवृत्तीला आलेला एक मीरा रोडकर हातात झेरॉक्सचा कागद घेऊन प्रवेश करतो.)

बसा, बसा. बसलेलेच आहात, तरी म्हणतो. मीरा रोडच्या माणसाला दुसऱ्याला 'बसा' म्हणायची संधी रोज थोडीच मिळते! आता आपल्या गावात स्वतःचं थेटर आहे, काशिमिऱ्याचं लता मंगेशकर नाट्यगृह. पूर्वी नाटकाला बोरिवलीला प्रबोधनकारला जायचं, तर पहिला अंक प्लॅटफॉर्मवरच व्हायचा.

तर या मीरा-भाईंदरात एक गोष्ट मुबलक आहे. पाणी? छे! पाणी बेताचं. सल्ला! सल्ला फुल प्रेशरने येतो. सगळ्या विंगांत, सगळ्या मजल्यांवर. आणि अलीकडे तो इंग्रजीत येतो.

(कागद फडकावतो.) हा पुरावा. आमची ही शांतीनगरात स्पोकन इंग्लिशच्या क्लासला जाते. सुनेला सुट्टी नसली की नातवाच्या पालकसभेला हिला जावं लागतं. तिथे मॅडम बोलतात ते हिला सगळं कळतं, पण हिच्या तोंडून निघतं फक्त 'येस मॅडम'. माझ्यासमोर जे आयुष्यात निघालं नाही, ते!

आता आमच्या पिढीचं इंग्रजी पाचवीत सुरू झालं. 2000 साली रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना ते पहिलीपासून आलं, तोवर आम्ही नोकरीला लागून पीएफ मोजत होतो. आम्हाला आधार तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेचा, आणि नंतर रॅपिडेक्सचा. रॅपिडेक्सच्या जाहिरातीत कपिलदेव होता. आम्ही पुस्तक पाठ केलं. ना इंग्रजी सुधारलं, ना बॉलिंग.

हिच्या क्लासात मात्र सल्ला देणं हा वेगळा धडा आहे. (कागद वाचत) सल्ल्याला म्हणे पायऱ्या असतात. 'यू कुड', म्हणजे जमलं तर बघा. 'यू शुड', म्हणजे बघाच. आणि 'यू हॅड बेटर', म्हणजे बघितलं नाहीत तर पुढचं तुमचं तुम्ही बघून घ्या.

गृहपाठ कोणावर करणार? घरात गिऱ्हाईक एकच. मराठीत ही मला सल्ला देते तो असा: 'चहा बास.' क्रियापद नाही, चर्चा नाही, अपील नाही. त्या दिवशी मी दुसरा कप उचलला आणि ही...

(खुर्चीत बसतो. बायकोच्या आवाजात, कागदात बघत) 'इफ आय वेअर यू, आय वुडन्ट हॅव अनदर कप.'

मी गार! लग्न झाल्यापासून पहिल्यांदा ही माझ्या जागी उभी राहून बघत होती. डोळ्यांत पाणी आलं हो. म्हटलं, 'थँक यू. आय विल थिंक अबाउट इट.' आणि दुसरा कप प्यायलो. ही काही बोलू शकेना. कागदावर पुढचं वाक्यच नव्हतं! तिने शांतपणे कागदाची घडी घातली, चष्मा काढला. 'ठेवा तो कप खाली.'

(कप ठेवल्याचा अभिनय.) ठेवला.

इथवर घरात होतं. पण या कागदाची झेरॉक्स सोसायटीत गेली. आमची सोसायटी म्हणजे तळमजल्यावर मारवाडी, पहिल्यावर जौनपूर, दुसऱ्यावर उत्तनच्या आंटी, तिसऱ्यावर मी मालवणी, चौथ्यावर मोटाभाई, पाचव्यावर सेक्रेटरी. जुलै 2025 मध्ये इथे भाषेवरून रान पेटलं होतं, आठवतंय ना? आधी व्यापाऱ्यांचा मोर्चा, मग 8 तारखेला मराठी माणसांचा. दुसऱ्या मोर्चात मी होतो, लपवत नाही. पण त्या आठवड्यात लिफ्टमध्ये बोलायचं कुठल्या भाषेत? सगळे एका रात्रीत इंग्रज झाले. (चार आवाजांत) 'गुड मॉर्निंग.' 'यू शुड टेक केअर.' 'यू ऑल्सो शुड टेक केअर.' 'वुई ऑल शुड टेक केअर.' सगळे एकमेकांना जपायला सांगतायत, आणि कशापासून जपायचं ते कोणी बोलत नाही!

सेक्रेटरीने तर नोटीसच लावली. 'ऑल मेंबर्स हॅड बेटर पे मेंटेनन्स बिफोर टेन्थ.' त्याला वाटलं 'बेटर' आहे म्हणजे सभ्य असणार. उत्तनच्या आंटी कॉन्व्हेंटच्या. त्यांनी चष्मा सावरून विचारलं, 'ऑर व्हॉट?' सेक्रेटरी गडबडला. म्हणाला, 'ऑर... बेस्ट!'

आणि मग माझ्या बाथरूमला ओल आली. आधी छतावर रुपयाएवढा डाग. मग वाटीएवढा, पिवळी किनार असलेला. मग पोपडे. आणि रोज सकाळी साडेसातला, वर मोटाभाईंची आंघोळ आटोपली की बरोब्बर माझ्या टूथब्रशवर... (वर बघतो. थांबतो. ब्रश पुसतो.) एक थेंब. दुसरीकडे नाही. बेसिन एवढं मोठं, थेंब ब्रशवर.

भांडायला निघालो. हिने हातात कागद दिला. म्हणाली, 'मराठीत बोलाल तर मोर्चा होईल, इंग्रजीत सुचवा.' गेलो. बेल दाबली. (कागदात बघून) 'हॅव यू कन्सिडर्ड वॉटरप्रूफिंग?'

मोटाभाई म्हणाले, 'यस. आय हॅव कन्सिडर्ड.' आणि दार लावलं.

खोटं बोलले का? नाही! विचार केलाय का विचारलं, केलाय म्हणाले. पुन्हा बेल दाबली. खालची ओळ. 'व्हाय डोन्ट यू कॉल अ प्लंबर?' मला वाटलं हा सल्ला आहे. त्यांना वाटलं हा प्रश्न आहे. त्यांनी प्रामाणिक उत्तर दिलं. 'बिकॉज आय ॲम नॉट गेटिंग वेट.'

सोसायटीच्या ग्रुपवर टाकलं. सेक्रेटरीचा मेसेज आला, 'बोथ पार्टीज कुड सिट टुगेदर. जस्ट अ सजेशन.' खाली सतरा अंगठे. हे 'जस्ट अ सजेशन' फार पोचलेलं वाक्य आहे. सल्ला तर द्यायचा, पण आपण दिला असं कुठे दिसू द्यायचं नाही. फळलं तर 'मी म्हटलं नव्हतं?' फसलं तर 'मी नुसतं सुचवलं होतं.'

शेवटी मीच प्लंबर आणला. त्याने वर बघितलं, पान्याने छत ठोकलं, कान लावला. (प्लंबरच्या आवाजात) 'वरच्याचा नानी ट्रॅप गेलाय. जॉइंट उघडाय. पांढरं सिमेंट भरू नका, पैसे वाया जातील. लाद्या काढून कोबा नवा करावा लागेल.' शुड नाही, कुड नाही. करावा लागेल! आणि जाताना भिंतीवर पेन्सिलने मोबाईल नंबर लिहिला. 'काम माझ्याकडून केलंत आणि परत गळलं तर फोन करा. फुकट करून देतो.'

मी त्या नंबराकडे बघतच राहिलो. अख्ख्या बिल्डिंगीत सल्ल्याखाली नंबर लिहून गेलेला हा पहिला माणूस.

(उठतो. कडी धरतो. अंग आक्रसतो. गर्दीत डुलत) या कागदातलं 'इफ आय वेअर यू' खरं कुठे लागू पडतं सांगू? विरार लोकलमध्ये. तो बसलेला, आपण लोंबकळलेले. त्याच्याकडे बघत आपण मनात म्हणतो, तुझ्या जागी मी असतो तर... तर काय? बसलो असतो!

कानात बोंडं घातलेला एक आयटीवाला मला म्हणतो, 'अंकल, यू माइट वॉन्ट टू मूव्ह अ बिट.' म्हटलं, बाळा, वॉन्ट खूप आहे रे, माइट राहिलेली नाही. दुसरा म्हणतो, 'व्हाय डोन्ट यू गो रिटर्न?' आता बाहेरगावच्या पाहुण्यांना हे कळायचं नाही. रिटर्न म्हणजे मीरा रोडला गाडीत न चढता उलटं भाईंदरला जायचं, तिथून सुटणारी गाडी पकडून बसायचं आणि परत मीरा रोडवरूनच पुढे यायचं. म्हणजे ऑफिसला पोचण्यासाठी आधी ऑफिसपासून लांब जायचं. हा इंग्रजी सल्ला नाही, ही साधना आहे. तेवढ्यात मागून विरारचा आवाज येतो: 'ओ काका, आत सरका, नाहीतर दहिसरला उतराल!' एका वाक्यात सल्ला, धमकी आणि भविष्य.

(कडी सोडतो.) मे 2025 मध्ये दहिसर ते काशिगाव मेट्रोची चाचणी झाली. मुख्यमंत्री आले, झेंडा दाखवला. झेंडा खाली यायच्या आत मला इस्टेट एजंटचा फोन. 'सर, इट्स हाय टाइम यू बॉट अ टू बीएचके.' ही पलीकडून ऐकत होती. म्हणाली, 'बॉट कसं? अजून घेतला कुठे?' क्लासात विचारून आली. तर 'हाय टाइम' नंतर भूतकाळच येतो! म्हणजे बघा, फ्लॅट घेतलेला नाही, पैसे नाहीत, बँकेने कर्ज नाकारलंय, पण वाक्यात व्यवहार होऊन गेलाय. इंग्रजांनी हे व्याकरण एजंटांना विचारूनच केलं असणार. आमच्या खाजणात, मिठागरांच्या शेजारी एवढ्या बिल्डिंगी उगाच उठल्या?

(खुर्ची पुढे ओढतो, कानाला हेडफोन लावल्याचा अभिनय.) तुम्ही हसताय. पण या गावात इंग्रजी सल्ल्यावर लोकांनी डॉलर कमावलेत. ऑक्टोबर 2016. ठाणे पोलिसांनी मीरा रोडच्या कॉल सेंटरांवर रात्री धाड घातली, एका रात्रीत सातशेच्या वर माणसं ताब्यात. बहुतेक पोरंच. उच्चार घोटवून घेतलेले, नावं अमेरिकन. फोन लागायचा अमेरिकेत. मी प्राप्तिकर खात्यातून बोलतोय, तुमचा कर थकलाय, आत्ताच्या आत्ता भरलात तर बरं, नाहीतर अटक. भरायचा कसा? दुकानातून गिफ्ट कार्ड घ्या आणि त्यावरचा आकडा वाचून दाखवा!

इकडे सकाळी मीरा रोडला ज्याला डब्यात शिरता येत नाही, तो रात्री तिकडच्या म्हाताऱ्यांना घाम फोडायचा. त्यात 'कुड' नाही, 'माइट' नाही, सगळा मामला 'हॅड बेटर'. आणि समोरच्याच्या फोनवर दिसणारा नंबर? तोही खोटा. अशाच धंद्यात, अहमदाबादच्या कॉल सेंटरांशी जोडलेल्या 21 जणांना 2018 मध्ये अमेरिकेत शिक्षा झाल्या, 20 वर्षांपर्यंत. आमच्या हिने ते वाचलं आणि क्लासच्या वहीच्या पहिल्या पानावर स्वतःचं पूर्ण नाव, पत्ता, फोन लिहून टाकला. म्हणाली, 'उगाच कोणाला संशय नको.'

(उठतो.) आता तुम्ही विचाराल, त्या ओलीचं काय झालं? गेली. मोटाभाईंनी स्वतः लाद्या काढल्या, कोबा नवा केला. माझ्या इंग्रजीमुळे नाही. पाचव्या मजल्यावरून, सेक्रेटरीच्या बाथरूममधून, एके सकाळी त्यांच्या टूथब्रशवर थेंब पडला. अर्ध्या तासात माझ्या दारात! तोंडाला फेस, हातात ब्रश, आणि तोंडून शुद्ध मराठी. 'भाऊ, तो प्लंबर कुठाय?' मी भिंतीवरचा नंबर दाखवला. सेक्रेटरीकडे मात्र ते माझा कागद घेऊन गेले होते. सेक्रेटरी म्हणाला, 'आय हॅव कन्सिडर्ड.'

(कागदाची घडी घालून खिशात ठेवतो. प्रेक्षकांच्या अगदी जवळ येतो.) तर मायबाप, प्रयोग संपला की तुमच्यातले काही जण आत मला भेटायला येणार, हे मला माहीत आहे. खांद्यावर हात ठेवून म्हणणार, 'छान झालं. यू कुड कट टेन मिनिट्स. जस्ट अ सजेशन.' या, जरूर या. पण आधी बाहेर टेबलावर वही ठेवली आहे, तिच्यात तो सल्ला लिहा. मराठीत लिहा, इंग्रजीत लिहा, गुजरातीत लिहा. खाली फक्त नाव आणि मोबाईल नंबर टाका.

(अंधार.)