साडेचारशे किलोमीटरची बैठक

पुण्याहून आंबोलीमार्गे पणजी साधारण साडेचारशे किलोमीटर. राष्ट्रीय महामार्गावर दुचाकीला टोल नाही, ही सरकारची कृपा. पण खेड शिवापूर, आनेवाडी, तासवडे आणि किणी असे चार नाके लागूनही त्यांतल्या एकावरसुद्धा थांबायला निमित्त मिळत नाही, हे दुचाकीवाल्याचं दुर्दैव. मोटारवाले रांगेत वैतागून बसलेले असतात. त्यांच्या शेजारून सटकणाऱ्या गृहस्थाचा त्यांना हेवा वाटतो. हेल्मेटच्या आत तो दातओठ खातोय आणि मिनिटभर उतरायला मिळालं तर दुप्पट टोल भरायला तयार आहे, हे त्यांना दिसत नाही.

असा एक गृहस्थ पुण्यातल्या प्रत्येक सोसायटीत असतो. चाळिशी उलटलेली, बँकेत बऱ्यापैकी हुद्दा, मुलं मोठी झालेली, आणि पार्किंगमध्ये साडेतीनशे सीसीची नवीकोरी गाडी. गाडी कोणत्या कंपनीची हा प्रश्न इथे गैरलागू आहे. घेताना त्याने शोरूममध्ये सीटवर बसून पाहिलं होतं. वहिनींनी तर हापूस पाहावा तशी अंगठ्याने दाबून पाहिली होती. दोघांनाही मऊ लागली. सगळी परीक्षा पाच मिनिटांत आटोपली आणि निघाले गोव्याला.

खंबाटकी घाटात गृहस्थ किंचित डावीकडे सरकले. वळण होतं, म्हणून असेल. पुढे सरळ रस्त्यावरही ते डावीकडेच राहिले, तेव्हा वहिनींना शंका आली. साताऱ्याच्या अलीकडे ते उजवीकडे आले. उंब्रजला पुढे. ब्रेक दाबला की टाकीवर आदळायचं, मग हातांनी रेटा देऊन मागे यायचं, हा व्यायाम कराडपर्यंत चालला. कराडला कृष्णा आणि कोयना समोरासमोर येऊन भेटतात. त्या प्रीतिसंगमावर लोक निवांत बसायला येतात. हे दोघं उभे राहिले. कोल्हापुरात मिसळही उभ्यानेच झाली. "बसा की पाव्हणं," असं मालकांनी तीनदा म्हटलं. तिसऱ्यांदा त्यांच्या आवाजात काळजी होती.

अमेरिकेत आयर्न बट असोसिएशन नावाची एक संस्था आहे. 'लोखंडी बुडाच्या' माणसांची ही संघटना चोवीस तासांत एक हजार मैल, म्हणजे १,६०९ किलोमीटर, गाडी चालवणाऱ्याला प्रमाणपत्र देते. त्या परीक्षेचं नाव 'सॅडलसोर १०००'. आपल्या गृहस्थांना नावातली व्यथा निपाणीतच प्राप्त झाली होती. प्रमाणपत्र तेवढं राहिलं.

निपाणीत त्यांनी फोमची एक उशी विकत घेतली आणि सुतळीने सीटवर बांधली. आजऱ्यापर्यंत बरं चाललं. मग आंबोली आली. आंबोलीत वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. त्यातला जमेल तेवढा उशीने घेतला आणि सावंतवाडीपर्यंत हप्त्याहप्त्याने गृहस्थांना परत केला. बँकेतल्या माणसाला वसुलीची ही बाजू नवीन होती.

खरं तर यात वयाचा दोष नव्हता, आणि सीटही कुणी मुद्दाम वाईट केलेली नव्हती. माणूस बसतो तो कंबरेखालच्या दोन हाडांवर. धडाचा बराचसा भार या दोन टोकांवर येतो. कारखान्यातली सीट म्हणजे साच्यात ओतून फुगवलेला पॉलियुरेथेन फोम, आणि तो पन्नास किलोच्या कॉलेजकुमारापासून शंभर किलोच्या कंत्राटदारापर्यंत सगळ्यांना चालवायचा असतो. फोम मऊ असेल तर जड माणसाखाली तो दबत दबत बसतो, आणि तासाभरात हाडं जवळपास खालच्या प्लॅस्टिकला टेकतात. दाबाखालच्या भागाचा रक्तपुरवठा मंदावतो, रेक्झिनखाली घाम कोंडतो. पाय जमिनीला पोचावेत म्हणून सीट पुढे निमुळती ठेवलेली असते. ती टाकीकडे उतरतीही असते, म्हणून तर कराडपर्यंतचा तो व्यायाम. मऊपणा हा शोरूममध्ये गाडी खपवायला उपयोगी पडणारा गुण आहे. कराडच्या पुढे त्याचा काही उपयोग नाही.

परतल्यावर सल्ले सुरू झाले. तळमजल्यावरच्या काकांनी टॅक्सीवाले वापरतात ती लाकडी मण्यांची बैठक सुचवली. मण्यांमधून हवा खेळते हे खरंच आहे, पण वहिनींनी ती पाहून "पाट मांडू का?" एवढंच विचारलं. ऑफिसातल्या एकाने जेलची गादी दिली. जेल दाब छान पसरवतं, आणि ऊनही तितक्याच आपुलकीने साठवून ठेवतं. दुपारी पार्किंगमधून गाडी काढताना गृहस्थ बसले त्याहून लवकर उठले. मग हवा भरायची उशी आली. तिच्यातली युक्ती चांगली आहे, कारण एकमेकांना जोडलेल्या हवेच्या कप्प्यांची ही कल्पना व्हीलचेअरवर दिवस काढणाऱ्यांच्या गाद्यांवरून आलेली आहे. फक्त ती अर्धवटच फुगवायची असते. गृहस्थांनी पैसे वसूल म्हणून टम्म फुगवली आणि सोसायटीच्या गतिरोधकावर वहिनींना हेल्मेटची पाठ दिसायची ती बुटांची दिसली.

शेवटी गाडी नाना पेठेत गेली. दुचाकीचा कोणताही भाग हवा असला की पुणेकर तिथेच जातो. सीटवाल्या चाचांनी सीटकडे पाहिलंच नाही. त्यांनी गृहस्थांना खालपासून वरपर्यंत पाहिलं.

"वजन?"

"ब्याऐंशी."

"साहेब, फोमला खोटं कळतं."

"अठ्ठ्याऐंशी."

मग काम सुरू झालं. चाचांनी खालच्या पिना उपसल्या, कव्हर सोलून काढलं, उघड्या फोमवर गृहस्थांना बसवलं आणि खडूने खुणा केल्या. गृहस्थांनी आधीच अभ्यास करून ठेवला होता, म्हणून त्यांनी 'बत्तीस नको, चाळीस डेन्सिटी टाका, म्हणजे कडक होईल' असं सांगून पाहिलं. चाचांनी दोन तुकडे त्यांच्या हातात दिले आणि कुठला कडक ते विचारलं. गृहस्थांनी दाखवला तो बत्तीसचा निघाला. डेन्सिटी म्हणजे घनमीटरमागे किलो. तिच्यावरून फोम किती वर्षं टिकेल याचा अंदाज येतो. कडकपणा वेगळा मोजतात. एकाच डेन्सिटीचा फोम मऊही मिळतो आणि टणकही. हे न कळल्यामुळे आकडा पाहून फोम घेणारी मंडळी पुन्हा त्याच दुकानात येतात.

हॅक्सॉच्या पात्याने हाडांखालचा मऊ फोम निघाला. त्या जागी रिबॉण्डेड बसला, म्हणजे फोमचे बारीक तुकडे चिकटवून दाबलेली ती घट्ट रंगीबेरंगी लादी. त्यावर चाळीसचा थर, वर बोटभर मऊ. मधे सोल्युशन लावून ते सुकेपर्यंत चहा. पुढचा उतार भरून जवळजवळ सपाट केला. मांड्यांना टोचणारी कड ग्राइंडरने घासून गोल केली. कव्हरच्या आत प्लॅस्टिकचा कागद घातला, कारण पाणी शिलाईच्या भोकांतून शिरतं आणि आंबोली पुढच्या खेपेलाही तिथेच असणार होती. शिवण बसायच्या जागेवरून हलवून बाजूला नेली.

एक भानगड झाली. सीट इंचभर उंच झाली आणि गृहस्थ चवड्यांवर आले. उंचीचा हिशेब बारीक असतो. मिटिऑर ३५०ची सीट जमिनीपासून ७६५ मिलिमीटरवर आहे, क्लासिक ३५०ची ८०५वर. एवढ्या चार सेंटिमीटरांवर लोक गाडी ठरवतात. चाचांनी उंचीला हात लावला नाही. पुढच्या दोन्ही बाजू तेवढ्या तासल्या, म्हणजे पाय फाकण्याऐवजी सरळ खाली गेले आणि टाचा टेकल्या.

"आता अर्धा तास बसा," चाचा म्हणाले.

नाना पेठेच्या गल्लीत, स्टँडवर लावलेल्या गाडीवर, हँडल धरून गृहस्थ अर्धा तास बसून होते. टेम्पो हॉर्न वाजवून गेले. एका ओळखीच्या माणसाने थांबून कुठे निघालात ते विचारलं. "गोव्याला," गृहस्थ म्हणाले. आणखी पंधरा मिनिटांनी तो परत आला तेव्हाही ते निघालेलेच होते. पण त्या बैठकीत डावीकडचा एक उंचवटा सापडला, आणि तो तिथल्या तिथे घासला गेला. या सगळ्या खटाटोपात सर्वांत मोलाचा भाग हा अर्धा तास होता, आणि त्याचे चाचांनी काही घेतले नाहीत.

पुढच्या खेपेला सीट हाताला दगडासारखी लागत होती आणि गृहस्थ कराडपर्यंत एकदाही सरकले नाहीत. प्रीतिसंगमावर ते ऐटीत बसले. वहिनी उभ्या होत्या. त्यांच्या गाडीची मागची सीट वेगळी असते, आणि तिच्याकडे कुणीच पाहिलं नव्हतं. ती पुढचीपेक्षा लहान, फोमला पातळ, आणि मागच्या चाकाच्या जवळपास वरच, त्यामुळे रस्त्यातला प्रत्येक खड्डा आधी तिथे पोचतो. वहिनी काही बोलल्या नाहीत. कोल्हापुरात त्यांनी परतीच्या एसटीचं वेळापत्रक तेवढं विचारलं. सोमवारी मागची सीट नाना पेठेत होती.

ज्यांना हे करायचं आहे त्यांनी चालू सीट कापायला देऊ नये. आपल्याच मॉडेलची जुनी सीट बाजारात मिळते का ते पाहावं, तिच्यावर प्रयोग करावा आणि कंपनीची सीट गुंडाळून माळ्यावर ठेवावी. काम पावसाळ्याआधी उरकावं, गाडी मागे बसणाऱ्या माणसासकट न्यावी आणि वजन खरं सांगावं. गाडी विकताना मूळ सीट नसली, तर घेणारा हमखास भाव पाडतो.